मसुदा आधी आम्हाला वाचू द्या

मा. संसदीय कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी गिरगावातल्या एका उपकरप्राप्त चाळीत (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीत) राहते. विधान भवन इथून हाकेच्या अंतरावर. तरी तिथे आमच्या घरांविषयी काय ठरलं, हे आम्हाला बहुतेक वेळा दारावर नोटीस लागल्यावरच कळतं.

२०२० मध्ये विधिमंडळाने म्हाडा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, कायद्यात दुरुस्ती केली. इमारत धोकादायक ठरली की मालकाला पुनर्विकासाच्या प्रस्तावासाठी सहा महिने, त्याने हात वर केले तर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने, तेही जमलं नाही तर म्हाडाने इमारत संपादित करायची. कायदा चांगला आहे, आम्हाला तो हवाच होता. राष्ट्रपतींची अनुमती यायला २०२२ उजाडलं. पण चाळीच्या गॅलरीत याच मुदती सांगणाऱ्या कलम ७९-अ वर बोट ठेवून शेजारचे आजोबा विचारत होते, "अहो, सहा महिन्यांत सोसायटी नोंदवायची, भाडेकरूंच्या सह्या घ्यायच्या आणि बिल्डरही शोधायचा? यातले निम्मे भाडेकरू गावी असतात!" हा प्रश्न विधेयक सभागृहात असताना कोणीतरी ऐकायला हवा होता.

विधेयक मांडलं जातं, विचारात घेतलं जातं, मग खंडशः, म्हणजे एकेका कलमावर, चर्चा. खरं काम इथेच होतं. 'सहा महिने' की 'वर्षभर', हे या टप्प्यावर बदलता येतं. आणि नेमका इथेच गदारोळ असला की अध्यक्ष एका दमात खंडांची नावं घेतात, 'होय'चे आवाज उठतात आणि विधेयक संमत होतं. पुढे विधान परिषद आहे, पण तिचा हात तोकडा आहे. साधं (म्हणजे अर्थविषयक नसलेलं) विधेयक ती पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा संमत केल्यावर एक महिना रोखू शकते, बस्स. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नाही. म्हणजे विधानसभेत जे निसटलं ते बहुधा निसटलंच.

वेळ दिला की फरक पडतो. नक्षलवादी कारवाया रोखण्यासाठी आणलेलं जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, लोकांनी १२ हजारांहून अधिक सूचना पाठवल्या. जुलै २०२५ मध्ये ते संमत झालं तेव्हा तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला होता. त्या कायद्याविषयी माझे आक्षेप आजही कायम आहेत. पण एवढी दुरुस्तीसुद्धा समितीशिवाय झाली नसती.

केंद्राने २०१४ मध्येच धोरण ठरवलं की विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. तिथेही ते नेहमी पाळलं जात नाही, म्हणून आपण ते नियमात बांधून घ्या. घर, जमीन, पाणी, पोलीस यांच्याशी संबंधित प्रत्येक विधेयक मांडण्याआधी ३० दिवस मराठीत जाहीर करा, मूळ कलम आणि बदललेलं कलम शेजारी-शेजारी छापून. 'कलम अमुकमधील तमुक मजकुराऐवजी' अशी भाषा वकिलांनाही मूळ कायदा उघडल्याशिवाय कळत नाही. आणि आलेल्या सूचनांपैकी कोणत्या घेतल्या, कोणत्या का नाकारल्या, हे विधेयकासोबत आमदारांच्या हाती द्या.

येत्या अधिवेशनाआधी आपलं उत्तर यावं, ही विनंती.

आपली,
गिरगावातील एक भाडेकरू