बायोगॅस प्रकल्पांची देयके वायूच्या मोजणीवर ठरावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार करणाऱ्या नव्या प्रकल्पांच्या घोषणा राज्यातील महापालिका आणि नगरपालिका सातत्याने करीत असतात. त्यांचे स्वागतच आहे. मात्र आधी उभारलेल्या प्रकल्पांपैकी किती प्रकल्प रोज नियमितपणे वायू देत आहेत, याचा हिशेब नागरिकांपुढे मांडल्याशिवाय नव्या प्रकल्पांवर पैसा खर्च होऊ नये, असे मला आग्रहाने वाटते.

तंत्रज्ञान नवखे नाही आणि ते बाहेरून आणावे लागत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत कचऱ्याचा लगदा करून तो गरम पाण्यासह आधी हवा खेळत्या टाकीत सोडतात. तेथे तो अंशतः कुजला की हवाबंद टाकीत जाऊन त्यापासून मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली घरगुती खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले आणि त्यासाठी २००६ साली संस्थेला शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲश्डेन पुरस्कारही मिळाला.

अडते ते प्रकल्पाच्या फाटकावर. आमच्या भागातील प्रकल्पात गाडी रिकामी झाली की कामगार महिला लोखंडी आकड्याने ढीग उपसून त्यातून दुधाच्या पिशव्या, डायपर, करवंट्या, हाडे आणि निर्माल्यातले दोरे बाजूला काढत बसतात. एखादी पिशवी नजरेतून सुटली की ती कचरा बारीक करणाऱ्या श्रेडरच्या पात्यांत गुंडाळली जाते आणि यंत्र बंद पडते. मग दोन दिवस साचलेला माल तिसऱ्या दिवशी एकदम टाकीत ढकलला जातो. असे झाले की आतील आम्लता वाढते, मिथेन तयार करणारे जिवाणू ती सोसू शकत नाहीत आणि बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइडच इतका असतो की तो पेटतही नाही. बिघडलेली टाकी ताळ्यावर यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर परिसरातील लोक दुर्गंधीने हैराण होऊन प्रकल्पच हटवा म्हणू लागतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

या दुरवस्थेचे मूळ मला करारात दिसते. अनेक ठिकाणी ठेकेदाराला कचऱ्याच्या वजनावर पैसे मिळतात. काट्यावर मिश्र कचराही भरतोच, त्यामुळे तो परत पाठवण्यात कोणालाच स्वारस्य उरत नाही. देयकाचा मोठा हिस्सा मीटरवर मोजलेल्या आणि प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या वायूशी जोडला, तर ठेकेदार स्वतःच वर्गीकृत कचऱ्याचा आग्रह धरेल. अर्थात तसा कचरा पुरवण्याची जबाबदारी प्रशासनाची आहे, आणि फाटकावरून परत गेलेल्या गाडीची नोंद संबंधित क्षेत्रीय कार्यालयाच्या नावावर झाली पाहिजे. घरातच वर्गीकरण करणे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले, तरी सकाळी ओला आणि सुका कचरा एकाच गाडीत पडताना दिसतो.

इंदूरमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा हाताळून सुमारे १७ हजार किलो बायो-सीएनजी (वाहनांसाठी शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस) तयार करण्याची आहे. आपल्याकडे त्याच्या आकाराचे कौतुक होते. त्याआधी काही वर्षे त्या शहराने घरोघरी वेगळा कचरा घेण्याची शिस्त लावली होती, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

वायू वापरणारा ग्राहकही आधी ठरवायला हवा. पाच टनांचा प्रकल्प नीट चालला तर रोज साधारण डझनभर घरगुती सिलिंडरइतके इंधन मिळू शकते. जवळच्या रुग्णालयाच्या किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरापर्यंत नळी टाकलेली नसेल, तर ते जाळून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. टाकीतून बाहेर पडणारी पातळ मळी (स्लरी) शेतीला उपयोगी आहे, तीही गटारात जाऊ नये.

म्हणून माझी लोकप्रतिनिधींना विनंती आहे की, पुढील निविदा स्थायी समितीपुढे मंजुरीसाठी येईल तेव्हा चालू प्रकल्पांच्या गेल्या बारा महिन्यांतील वायूच्या मीटर-नोंदी त्यांनी मागवाव्यात आणि त्या सादर होईपर्यंत मंजुरी रोखून धरावी.

आपला,
एक नियमित वाचक