अठ्ठेचाळीस तासांच्या चाचणीचा निष्कर्ष पूर्ण छापावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

एखादे नवे कीटकनाशक, धुलाईचे द्रव्य किंवा औद्योगिक रसायन ‘जलचरांना सुरक्षित असल्याचे चाचणीत आढळले’, असे वाक्य बातम्यांत आणि जाहिरातींत आता सर्रास वाचायला मिळते. चाचणी कोणती होती, कोणत्या जीवावर झाली, किती वेळ चालली आणि आकडा काय आला, हे मात्र त्या वाक्यात बहुधा नसते. बऱ्याचदा त्यामागे जलपिसवांवर, म्हणजे डॅफ्निया या जीवांवर, ४८ तास केलेली अल्पकालीन विषारीपणाची चाचणी असते. ही चाचणी मी प्रयोगशाळेत दीर्घकाळ केली आणि पुढे विद्यार्थ्यांना शिकवली. ती साधी, कमी खर्चाची आणि अतिशय उपयोगी आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु तिने जे उत्तर दिलेलेच नाही ते तिच्या नावावर खपवले जाते, तेव्हा चाचणीवरचा विश्वास तर कमी होतोच, पण ज्या पाण्यासाठी ती केली जाते त्याचेही अहित होते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

जलपिसू नावाने पिसू असली तरी कीटक नाही. ती कोळंबी आणि खेकड्यांच्या वर्गातली, गोड्या पाण्यात राहणारी प्राणी आहे. चाचण्यांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या डॅफ्निया मॅग्ना या जातीची पूर्ण वाढलेली मादी सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत भरते. तिचे कवच इतके पारदर्शक असते की सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धडधडणारे हृदय आणि पाठीवरच्या पिशवीतली अंडी स्पष्ट दिसतात. ती पाण्यातले सूक्ष्म शैवाल आणि जिवाणू गाळून खाते आणि स्वतः माशांच्या पिलांचे खाद्य होते, त्यामुळे तळ्यातून जलपिसवा नाहीशा झाल्या तर खालच्या बाजूला शैवाल माजते आणि वरच्या बाजूला पिलांची उपासमार होते. परिस्थिती अनुकूल असेल तोवर माद्या नराशिवायच माद्यांना जन्म देत राहतात, म्हणून एकाच वंशाची, आनुवंशिकदृष्ट्या सारखी पिले प्रयोगशाळेला हवी तेव्हा मिळतात. या गुणांमुळेच बर्टिल अँडरसन यांनी १९४४ साली कारखान्यांच्या सांडपाण्यात आढळणाऱ्या अनेक द्रव्यांच्या विषारीपणाच्या मर्यादा डॅफ्निया मॅग्नावर तपासून प्रसिद्ध केल्या. आज पाळली जाणारी रीत आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना (ओईसीडी) या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२ क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनेत आहे. ती १९८४ साली स्वीकारली गेली आणि २००४ साली सुधारली गेली.

त्या रीतीप्रमाणे २४ तासांपेक्षा कमी वयाची पिले घेतात, आणि तीही मादीच्या पहिल्या वेताची नव्हेत. रसायनाच्या निदान पाच संहती, म्हणजे पाण्यातल्या त्याच्या प्रमाणाच्या पाच पायऱ्या, तयार करतात. प्रत्येक संहती आधीच्या संहतीच्या साधारण २.२ पटीपेक्षा जास्त अंतरावर नसावी, असा संकेत आहे. प्रत्येक संहतीसाठी किमान २० पिले लागतात, शक्यतो पाच-पाचच्या चार गटांत, आणि दर पिलामागे निदान २ मिलिलिटर द्रावण असावे लागते. तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते आणि एका चाचणीत ते एका अंशापेक्षा जास्त इकडेतिकडे होऊ देत नाहीत. या ४८ तासांत पिलांना खायला घालत नाहीत आणि पाण्यात हवाही सोडत नाहीत. २४ तासांनी आणि ४८ तासांनी पात्र हलकेच हलवून पाहतात; त्यानंतर १५ सेकंदांत जी पिले पोहू शकत नाहीत ती निश्चल म्हणून मोजतात, मग त्यांच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, थरथरत असल्या तरी. येथे मृत्यू मोजला जात नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण इतक्या लहान जीवाचा मृत्यू नेमका ठरवणे कठीण असते, आणि जो पोहू शकत नाही तो तळ्यात फार काळ जगतही नाही. या नोंदींवरून ज्या संहतीला निम्मी पिले निश्चल होतील ती संहती गणिताने काढतात. तिला ईसी-५० म्हणतात आणि हाच आकडा पुढे सर्वत्र फिरतो.

गैरसमजाची सुरुवात नेमकी या आकड्यापासून होते. एखाद्या रसायनाची ईसी-५० लिटरमागे २० मिलिग्रॅम आहे, असे कळले की लिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंत धोका नाही, असा अर्थ काढला जातो. प्रत्यक्षात त्या संहतीला दोन दिवसांत निम्मी पिले पोहायची थांबलेली असतात. ती सुरक्षिततेची मर्यादा नव्हे, उघड नुकसानीची खूण आहे. शास्त्रज्ञ स्वतः हा आकडा किती सावधपणे वापरतात, हे सांगितले तर वाचकांना त्याचे खरे वजन कळेल: शैवाल, जलपिसवा आणि मासे या तिन्हींच्या अल्पकालीन चाचण्यांखेरीज दुसरी माहिती हाती नसेल, तर युरोपीय पद्धतीत त्यांतला सर्वांत लहान आकडा घेऊन त्याला १००० ने भागतात आणि मगच पर्यावरणात परिणाम न होणारी अंदाजित संहती ठरवतात. या भागाकाराविना छापलेली ईसी-५० वाचकाला चुकीचा दिलासा देते.

रसायनांच्या वर्गीकरणाच्या जागतिक पद्धतीतही असाच घोटाळा होतो. तिच्यानुसार ईसी-५० लिटरमागे १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर रसायन तीव्र धोक्याच्या पहिल्या गटात येते, १० पर्यंत असेल तर दुसऱ्या आणि १०० पर्यंत असेल तर तिसऱ्या गटात. १०० च्या पलीकडे तीव्र धोक्याचा गटच नाही. त्यामुळे पुष्कळ रसायनांची केवळ लिटरमागे १०० मिलिग्रॅमवर एकच मर्यादा-चाचणी केली जाते, आणि तीत परिणाम दिसला नाही तर काम तिथेच थांबते. हे नियमाला धरून आहे. पण ‘या वर्गीकरणाच्या तीव्र धोक्याच्या गटांत बसत नाही’ हे एक विधान आणि ‘जलचरांना सुरक्षित’ हे दुसरे विधान. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायला चाचणीने परवानगी दिलेली नाही.

चाचणी किती खरी, हे ओळखण्याच्या खुणा अहवालातच असतात, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे वार्ताहरांनी सर्वप्रथम त्या विचारायला हव्यात. रसायन न घातलेल्या नियंत्रण पात्रांत १० टक्क्यांहून जास्त पिले निश्चल झाली तर चाचणी बाद होते. शेवटी पाण्यात लिटरमागे निदान ३ मिलिग्रॅम प्राणवायू शिल्लक असावा लागतो, नाहीतर पिले रसायनाने थांबली की गुदमरून थांबली, हे सांगता येत नाही. प्रयोगशाळेतल्या पिलांची संवेदनशीलता नेहमीसारखी आहे ना, हे पाहण्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट या तुलनेसाठी ठरलेल्या रसायनाने वेळोवेळी चाचणी करतात. तिची २४ तासांची ईसी-५० लिटरमागे ०.६ ते २.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान येणे अपेक्षित असते. मूळ साठ्यात नर दिसू लागणे, जाड कवचाची सुप्त अंडी तयार होणे, पिलांचा रंग बदलणे ही ताणाची चिन्हे आहेत आणि अशा साठ्यातली पिले चाचणीला घेऊ नयेत. हे सर्व पाळणारी प्रयोगशाळा ते अभिमानाने दाखवते. दाखवायला टाळाटाळ होत असेल तर आकड्याकडे संशयाने पाहावे.

सर्वांत जास्त चूक मात्र संहतीत होते, आणि ती कागदावर दिसत नाही. पात्रात किती रसायन घातले आणि पिलांना प्रत्यक्ष किती मिळाले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही रसायने उडून जातात, काही प्रकाशात किंवा पाण्यात तुटतात, काही काचेला चिकटतात. पायरेथ्रॉइड कीटकनाशके याचे ठळक उदाहरण आहेत: जलपिसवांना ती लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी प्रमाणात घातक ठरतात, आणि नेमकी तीच पाण्यात टिकून न राहता पात्राच्या भिंतीला जाऊन बसतात. घातलेल्या वजनावरून हिशेब मांडला तर विष आहे त्यापेक्षा सौम्य दिसते. म्हणूनच सुरुवातीला आणि शेवटी द्रावणातली संहती मोजावी असे मार्गदर्शक सूचना सांगते, आणि ती अपेक्षित संहतीपासून २० टक्क्यांपेक्षा जास्त ढळली असेल तर मोजलेल्या आकड्यांवरूनच निष्कर्ष काढावा लागतो. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या रसायनांचा प्रश्न आणखी अवघड आहे. लिटरमागे १०० मिलिग्रॅम घातले आणि विरघळले त्याचा लहानसा अंश, तर चाचणी १०० वर झाली असे म्हणता येत नाही. शिवाय न विरघळलेले कण पिलांच्या अवयवांना चिकटतात, पृष्ठभागावरच्या तवंगात पिले अडकतात, आणि मग निश्चलतेचे कारण विष होते की अडथळा, हे वेगळे करता येत नाही. युरोपीय नियमांत अशा अल्पविद्राव्य रसायनांसाठी जलपिसवांवरच्या दीर्घकालीन चाचणीचा विचार करायला सांगितले आहे, ते याच कारणाने.

पाण्याचाही परिणाम होतो. तांब्यासारखा धातू कमी क्षारांच्या मऊ पाण्यात जितका घातक असतो तितका जड पाण्यात नसतो, आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली सेंद्रिय द्रव्ये त्याला बांधून ठेवतात. अमोनियाचा विषारीपणा पाण्याच्या सामूवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर, अवलंबून असतो. एका पाण्यात काढलेला आकडा दुसऱ्या पाण्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि या सगळ्या अटी काटेकोर पाळल्या, तरी ४८ तासांत जे घडत नाही ते ही चाचणी पाहू शकत नाही. जलपिसवेला वाढीच्या वयात वारंवार कात टाकावी लागते. कायटिन, म्हणजे कवचाचे मुख्य द्रव्य, तयार होऊ न देणाऱ्या कीटकनाशकांचा परिणाम कात टाकण्याच्या वेळीच दिसतो, त्यामुळे पहिल्या २४ तासांच्या नोंदीत निर्धोक वाटलेले द्रव्य पुढे घातक ठरू शकते. फेनॉक्सिकार्ब किंवा पायरिप्रॉक्सिफेन यांसारखी कीटकांच्या संप्रेरकाची नक्कल करणारी रसायने त्याहून वेगळे काम करतात: मादी मरत नाही, निश्चलही होत नाही, पण मुलींऐवजी मुलगे जन्माला घालू लागते. हा बदल पाहायचा तर प्रजननाची २१ दिवसांची चाचणी करावी लागते. ती वर सांगितलेल्या ओईसीडीच्याच २११ क्रमांकाच्या सूचनेत आहे. शिवाय एका जीवाचा निष्कर्ष सर्व जलचरांना लागू होत नाही. इमिडाक्लोप्रिडची डॅफ्निया मॅग्नासाठीची ४८ तासांची ईसी-५० बहुतेक अभ्यासांत लिटरमागे दहा मिलिग्रॅमांच्या वर आढळते, आणि केवळ तेवढ्यावरून पाहिले तर हे कीटकनाशक पाण्याला फारसे धोकादायक वाटत नाही. परंतु त्याच पाण्यात वाढणारी मेफ्लाय या कीटकाची अर्भके आणि कायरोनोमस या डासासारख्या माश्यांच्या अळ्या लिटरमागे काही मायक्रोग्रॅमला, म्हणजे हजारो पट कमी संहतीला, बळी पडतात. जलपिसवेला जे झेपले ते तिच्या शेजाऱ्याला झेपेलच असे नाही, आणि ही गोष्ट आधी माहीत असूनही केवळ डॅफ्नियाचा आकडा पुढे करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

यावरून ही चाचणी निरुपयोगी आहे, असा अर्थ कोणी काढू नये. तिचे मोल मला ठाऊक आहे. कारखान्याच्या सांडपाण्यात कोणकोणती द्रव्ये आहेत हे रासायनिक विश्लेषणाने पूर्ण कळत नाही, कारण जे शोधले तेच सापडते. त्या मिश्रणात सोडलेली पिले मात्र सर्व द्रव्यांना एकाच वेळी सामोरी जातात, आणि दोन दिवसांत ती थांबली तर पाण्यात काहीतरी घातक आहे हे कोणत्याही यादीशिवाय सिद्ध होते. धोका दाखवण्याच्या बाबतीत ही चाचणी भक्कम आहे. धोका नाही असे सांगण्याचे काम तिच्याकडून करून घेणे गैर आहे.

म्हणून आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की अशा चाचणीच्या आधारे कोणी दावा केला, तर बातमीत जीवाची जात, चाचणीचा कालावधी आणि ईसी-५० तिच्या ९५ टक्के विश्वासमर्यादांसह, म्हणजे आकडा किती वरखाली असू शकतो त्यासह, द्यावी, संहती प्रत्यक्ष मोजली होती की केवळ हिशेबाने धरली होती हे लिहावे, आणि दीर्घकालीन चाचणी झाली आहे का हे विचारून उत्तर छापावे. आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा, जो सहसा कोणी विचारत नाही: तपासले ते काय? पुष्कळदा चाचणी शुद्ध मूळ रसायनावर झालेली असते, आणि विक्रीच्या बाटलीत त्याच्यासोबत ते पानांवर पसरवणारी, पाण्यात मिसळणारी इतर द्रव्ये असतात. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या काही मिश्रणांत वापरले जाणारे टॅलोअमाइन वर्गातले पृष्ठसक्रिय द्रव्य जलचरांना खुद्द ग्लायफोसेटपेक्षा जास्त विषारी असल्याचे आढळले आहे. तेव्हा ज्या पदार्थाविषयी दावा आहे तोच पदार्थ पिलांच्या पात्रात घातला होता का, हे कंपनीच्या प्रतिनिधीकडून स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे, आणि उत्तर मिळाले नाही तर ते मिळाले नाही, हेही बातमीत नमूद करावे.

आपला नम्र,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक