पाचच्या भुकेबद्दल

पुणे,
१४ जुलै

प्रिय शुभा,

रिपोर्ट आल्यापासून तू संध्याकाळचं खाणंच बंद केलंस, हे वाचून काळजी वाटली गं. दुपारी साडेबाराला जेवलेल्या पोटाला पाच-सहाला भूक लागणारच. ती मारलीस की सात वाजता स्टॉपजवळच्या वड्याच्या गाडीसमोर पाय आपोआप थांबतात. माझं वर्षभर हेच चाललं होतं.

मी आधी वेळ बदलली. पाचला वाटीभर मोडाची मटकी वाफवून, वर कांदा, लिंबू. ऑफिसात असले तर मूठभर फुटाणे. मग गाडीचा वास आला तरी जीव कासावीस होत नाही.

चवीचं म्हणशील तर कोथिंबीर वडी आठव. आपण ती छान उकडतो, कापतो आणि मग तळतो. मी ते तळणंच सोडलं. वीस मिनिटं उकडायची, पूर्ण गार होऊ द्यायची (गरम कापलीस तर भुगा होतो) आणि चमचाभर तेलात मोहरी, हिंग, भरपूर तीळ तडतडवून वरून ओतायचे. उरल्या तर दुसऱ्या दिवशी तव्यावर खरपूस करायच्या. मला तर त्या शिळ्याच जास्त आवडतात!

एअर फ्रायर भज्यांसाठी घेणार असशील तर नको घेऊस, पातळ पीठ जाळीतून गळतं. त्यापेक्षा माळ्यावरचं आप्पेपात्र काढ. डोशाचं उरलेलं पीठ, किसलेलं गाजर, मिरची; एकेका खळग्यात दोन थेंब तेल पुरतं.

भजी मी सोडलेली नाहीत. पावसात एखाद्या रविवारी घरीच करते, ताज्या तेलात, आणि ते तेल पुन्हा तळणीला घेत नाही. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात घातक घटक साठत जातात. अशा ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. पण गाडीवरच्या कढईत ते मोजणार कोण? मला भीती बेसनाची नाही, त्या काळ्या तेलाची वाटते.

पुढच्या रविवारी येच. अळूवड्या उकडून ठेवीन म्हणते. तुझ्या परसातली पानं आण, काळ्या देठाचीच हं. चिंच-गूळ माझ्याकडे आहे.

तुझीच,
मंदा