मिस्तरीबाबा, शाळेचा कोपरा कोरडा आहे

मिस्तरीबाबा, रामराम.

परवा रात्रभर पाऊस होता. सकाळी मी मुद्दाम शाळेत गेले आणि दुसरीच्या वर्गातला तुम्ही दुरुस्त केलेला उत्तरेकडचा कोपरा हाताने चाचपून पाहिला. कोरडा होता. तिथेच ठरवलं, तुम्हाला चार ओळी लिहायच्या आणि गावालाही वाचू द्यायच्या.

आपली शाळा पाडायचं जवळजवळ ठरलंच होतं. जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या, ही इमारत त्याच्याही आधीची. सागाच्या मयाली (तुळया), वर कवेलू (कौलं), हातभर रुंद भिंती. पण ओल चढलेली, पोपडे पडलेले. आत पोरं बसवायची कशी, हे लोकांचं म्हणणं खोटं नव्हतं. तुम्ही चार ठिकाणी भिंत ठोकून पाहिली आणि म्हणालात, "भीत धड हाये माय. हे वरचं सिमेंट काढा, थे तिचा घाम आत कोंडून राह्यलं."

चुन्याच्या भिंतीवर मागे कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून वाळून जाते, सिमेंटाआड अडकते, हे मला तुमच्याकडून कळलं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, भिंतीलाही थोडी हलवते. चुना तेवढं सोसतो, हेही तुम्हीच सांगितलं. महिनाभर चुना भिजत ठेवून त्यात गूळ आणि बेलाच्या गराचं पाणी घातलंत. पोरांना चुन्याच्या टाक्यापासून लांब उभं करायचात, पण हाकललं एकालाही नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त आठवतो तो पहिला दिवस. कवेलू उतरवायच्या आधी तुम्ही विचारलं, "कागदं कुठी हायेत?" भिंतीतल्या कपाटात दाखल-खारीजची, म्हणजे शाळेत नाव घातल्या-काढल्याची, जुनी रजिस्टरं होती, कडा ओलीने काळ्या पडलेली. तुम्ही ती आपल्या दुपट्ट्यात गुंडाळून ग्रामपंचायतीत नेऊन ठेवली, मगच शिडी लावली.

त्यातल्या एका पानावर माझ्या आजोबांचं नाव आहे. आम्ही गोंड. जात पडताळणीत आमच्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या, म्हणजे अनुसूचित जमातींची यादी निघाली त्या दिवसाच्या, आधीच्या नोंदीला फार वजन असतं, आणि ती नोंद आमच्या घरात कुठेच नव्हती. सातबारा नव्हता, कारण शेतीच नव्हती. आजोबा दोन वर्षं शाळेत गेले, मग लोकांची गुरं राखली. त्यांच्या नावाची एवढी एकच ओळ सरकारी शाईत उरली होती. माझ्या मुलीचं प्रमाणपत्र त्या ओळीवर निघालं. ती आता नर्सिंगला आहे. गावात अशी किती घरं असतील, ज्यांच्या आजा-पणजाची ओळख त्या कपाटात आहे!

रजिस्टरं आता पुन्हा त्याच कपाटात आहेत. तुमचा दुपट्टा मी धुऊन ठेवला आहे, चुन्याचा डाग तेवढा गेला नाही. पोळ्याला जेवायला या आणि घेऊन जा.

तुमची,
शाळेची एक जुनी विद्यार्थिनी
(तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ)