विषय: पीयूचा हार्डनर खराब निघाला, झोपाळा चिकट झाला

प्रति, कस्टमर केअर,

नमस्कार. तुमच्या कंपनीचं टू-पॅक ग्लॉसी पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश, बेसमध्ये हार्डनर मिसळला की कडक होणारं) घेतलं होतं, घरच्या सागवानी झोपाळ्यासाठी. आजवर त्याला चपड्याचं पॉलिश असायचं, पण त्यावर गरम कप टेकवला की पांढरं वर्तुळ उमटतं, आणि आमच्याकडे सगळ्यांचा चहा झोपाळ्यावरच होतो, म्हणून दुकानदार मेलामाइन पॉलिश घ्या म्हणत असताना मी जास्तीचे पैसे घालून पीयू घेतलं.

मिस्त्रींनी जुनं पॉलिश पूर्ण काढलं, 180 चा पॉलिश पेपर मारला, मग 320 चा, सीलरचा खालचा थर मारला, वाळल्यावर परत हलका पेपर फिरवून धूळ पुसली. इथपर्यंत लाकडाच्या रेषा अशा उठून दिसत होत्या की बस्स. मग तुमच्या पीयूचा टॉपकोट, म्हणजे वरचा थर. आठवडा झाला तरी चिकट! नख लावलं की खूण उठते, बसून उठलं की लेंगा फळीला चिकटतो, वर दुधाळ झाक आणि हाताला बारीक खर लागते.

तुमचा माणूस फोनवर म्हणतो मिक्सिंगचं प्रमाण चुकलं असेल, नाहीतर पेंटरने एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा, पीयूला न चालणारा) घातला असेल. अहो थिनर तुमचाच आहे, पीयूचाच, त्याच बिलावर आहे बघा. आणि प्रमाण डब्यावरचं, मापाने मोजून.

खरी गोष्ट अशी की हार्डनरचं झाकण जरा वर आलेलं होतं, उघडताना फुस्स झालं. उरलेला हार्डनर नंतर काचेच्या बाटलीत काढून बघितला तर गढूळ, तळाला पांढरा गाळ. हार्डनरमधलं आयसोसायनेट ओल लागली की पाण्याशी रिअ‍ॅक्ट होतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि डबा फुगतो, हे तुमच्या केमिस्टला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. म्हणजे सील तुमच्याकडेच नाहीतर गोडाऊनमध्ये गेलंय. डबा फुगलेला असेल तर वापरू नका असं लेबलवर एक अक्षर नाही, चकचकीत सोफ्याचा फोटो मात्र मोठा छापलाय.

खात्री म्हणून दुसऱ्या बॅचचा हार्डनर विकत आणला, त्याच उरलेल्या बेसमध्ये घालून त्याच सागवानाच्या तुकड्यावर मारला, दुसऱ्या दिवशी कडक आणि काचेसारखा साफ. आता सांगा चूक मिस्त्रीची का तुमच्या मालाची?

नुसता नवीन डबा पाठवतो हे मला चालणार नाही. हे चिकट पीयू खरवडून काढायचं म्हणजे आधीपेक्षा दुप्पट काम, पॉलिश पेपर एका फेरीतच चिकटून भरून जातो. मालाचे पूर्ण पैसे, खरवडायची आणि परत पॉलिशची मजुरी द्या, आणि त्या बॅचचे डबे दुकानातून उचला. बिल, दोन्ही डब्यांचे बॅच नंबर, बाटलीचे नि फळीचे फोटो जोडलेत. डबा मी फेकलेला नाही, माणूस पाठवून बघून जा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकणार आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्याच जिल्ह्यात केस करता येते, तेव्हा तुमचं हेड ऑफिस लांब आहे म्हणून मी गप्प बसेन असं समजू नका.

आपला,
एक वैतागलेला ग्राहक