सातव्या आठवड्यात प्रवासाला निघालेल्या मैत्रिणीस

प्रिय रेवा,

तुझा मेसेज आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. ‘दिवस गेलेत’ एवढं वाचलं आणि ओला टॉवेल खांद्यावर टाकून तिथेच बसले. खाली लगेच दुसरी ओळ: ‘पुढच्या आठवड्यात ट्रेनिंगला जायचंय, जाऊ का नको?’ पहिल्या ओळीचा आनंदसुद्धा पुरता करू दिला नाहीस, बाई. फोनच करणार होते, पण फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि त्यातलं निम्मं विसरतेस. म्हणून पत्र.

माझं उत्तर, जा. पण आधी सोनोग्राफी करून घे, आणि तुझ्या डॉक्टरांनी ‘हो’ म्हटलं तरच तिकीट पक्कं कर.

तुला खरी भीती कसली आहे ते मला कळतंय. ‘प्रवासाच्या हादऱ्यांनी काही झालं तर?’ हीच ना? मग आजवर तुला न सांगितलेली गोष्ट सांगते. पहिल्या खेपेला मी आठ आठवडे झाल्यावर रात्रभर बसने गेले होते. परत आले आणि चौथ्या दिवशी अंगावरून जायला लागलं. ते मूल राहिलं नाही. तेव्हा घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, पण ‘एवढी काय घाई होती जायची?’ हे एकदा स्वयंपाकघरातून माझ्या कानावर आलंच. ते मी स्वतःला किती महिने ऐकवत होते, देव जाणे. पुढे एका तपासणीला जुना रिपोर्ट काढला, तर डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं. पाळीच्या हिशेबाने नववा आठवडा, आणि गर्भाची लांबी सहा आठवड्यांची. म्हणजे वाढ मी बसमध्ये चढण्याच्या आधीच थांबली होती! त्या म्हणाल्या, पहिल्या तीन महिन्यांतले निम्मे-अधिक गर्भपात गुणसूत्रांमधल्या चुकीमुळे होतात. बस, जिना, बॅग, कशाचा काही संबंध नसतो. पहिले बारा आठवडे गर्भाशय कंबरेच्या हाडांच्या वाटीत खोल बसलेलं असतं, खड्ड्यातला धक्का तिथपर्यंत पोचत नाही. तुला कुणी काही ऐकवायच्या आत हे तुझ्या कानावर घालतेय.

मग सोनोग्राफी कशाला, म्हणशील. गर्भ गर्भाशयातच रुजलाय ना, हे बघायला. शंभरात एक-दोन वेळा तो गर्भनलिकेत रुजतो, आणि नलिका फुटली तर आतल्या आत रक्तस्राव होतो. हे अनोळखी गावी, रात्रीच्या गाडीत व्हायला नको. सहाव्या-सातव्या आठवड्यात हृदयाचे ठोकेही दिसू लागतात. नाहीच दिसले तर लगेच रडायला बसू नकोस. तारीख मागेपुढे असते, आठवड्याने पुन्हा बघतात.

आता मळमळ. तुझ्या प्रवासाचा खरा शत्रू हाच. साधारण सहाव्या आठवड्याला सुरू होते आणि आठव्या ते दहाव्यात कळस गाठते. म्हणजे तुझं ट्रेनिंग अगदी तोंडावर! त्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरच्या बाईंनी अत्तर लावलं होतं. एरवी छान वाटलं असतं. त्या रात्री त्यांनी मान वळवली की माझ्या पोटातून कळ उठायची. उलटीची पिशवी कुठे, तर डिकीतल्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी. शेवटी ओढणीवर निभावलं. तेव्हापासून पिशव्या माझ्या हाताशी असतात, दोन-तीन, भोक नसलेल्या. घरून तपासून ने.

पोट रिकामं ठेवलंस तर जास्त मळमळतं. त्यामुळे सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच काहीतरी कोरडं खा आणि वाटेत दर दीड-दोन तासांनी थोडं थोडं. पाणी घोट घोट, एकदम ग्लासभर नको. मोटारीत पुढे बस आणि नजर लांब रस्त्यावर ठेव. मोबाइलमध्ये डोकं घातलंस की संपलीस. उलटीवर गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या आहेत, डॉक्टरांकडून लिहून घे. प्रवासात लागतात म्हणून घरातल्या पाकिटातली एखादी उचलून तोंडात टाकू नकोस. दुखण्यावरची आयबुप्रोफेन तर नकोच. फोलिक ॲसिडची गोळी मात्र हातातल्या पर्समध्ये ठेव. बॅग हरवली तरी ती चुकायला नको.

गाडी की विमान, हे तू विचारलं नाहीस, पण मला माहितेय तू नऊ तासांच्या गाडीचं तिकीट काढणार, विमानाची भीती वाटते म्हणून. गुंतागुंत नसेल तर या दिवसांत विमान चालतं. आतला हवेचा दाब जास्तीत जास्त आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो, निरोगी बाईला आणि बाळाला त्याचा त्रास होत नाही. हवा कोरडी असते, तेवढं पाणी जास्त पी. सुरक्षा तपासणीच्या चौकटीतून जायलाही हरकत नाही, क्ष-किरण सामानाच्या पट्ट्यावर असतात. तरी मला स्वतःला आगगाडीच बरी वाटते. उठता येतं, आडवं होता येतं, स्वच्छतागृह चार पावलांवर. फक्त खालचा बर्थ घे. रात्री तीन-चारदा उठावं लागणार आहे, वरून शिडीने उतरायची कसरत नको. लघवी दाबून ठेवू नकोस आणि ती टाळायला पाणी कमी पिऊ नकोस. हा मूर्खपणा मी केलाय, लघवीच्या जळजळीने आठवडाभर भोगलाय.

पायांकडे लक्ष दे. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पोटरीत गुठळी होण्याचा धोका असतो. अधूनमधून उठून चाल, बसल्या बसल्या घोटे फिरव. घरात कुणाला पायात गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आधीच सांग, त्या कदाचित घट्ट मोजे देतील. एकाच पोटरीला सूज आली, दुखू लागलं तर ‘चालून चालून आखडलं असेल’ म्हणत बसू नकोस. मोटारीत पट्टा लावायचाच. आडवा भाग पोटाखाली, मांड्या सुरू होतात तिथे, आणि तिरका भाग दोन्ही स्तनांच्या मधून.

एक-दोन ठिपके लाल दिसले तर डॉक्टरांना फोन कर, बहुतेक वेळा निभावतं. पण तासात पॅड भिजेल इतकं रक्त, पोटाच्या एका बाजूला टोचत राहणारं दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, भोवळ, किंवा पाणीसुद्धा पोटात टिकत नाही अशी उलटी, यांतलं काही झालं तर ट्रेनिंग गेलं उडत, सरळ दवाखाना. उतरशील तिथून जवळचा दवाखाना कुठला ते आधीच शोधून ठेव. रिपोर्टचे फोटो मोबाइलमध्ये ठेव आणि रक्तगट कागदावर लिहून पर्समध्ये. निगेटिव्ह असेल तर रक्तस्राव झाल्यावर ते तिथल्या डॉक्टरांना आधी कळायला हवं.

ऑफिसात एवढ्यात सांगायचं नाहीये, कबूल. पण तिथे सोबत असणाऱ्या एकीला तरी सांग. मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि बसमध्ये ओढणी धरून बसले होते तेव्हा शेजारची मला विचारत होती, ‘काही चुकीचं खाल्लं का?’

आदल्या दिवशी उलट्यांनी उठवत नसेल तर तिकीट रद्द कर. ट्रेनिंग पुन्हा होईल.

आणि ती तुझी हिरवी बॅग नेऊ नकोस. तिची चेन अडकते. पिशवी हवी असते तेव्हा चेनशी झटापट करायला वेळ नसतो.

तुझीच,
माधवी