छाटणीआधी मिनी ट्रॅक्टरचे बोल्ट तपासा, नंबर बघूनच घ्या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी जवळ आली की आपल्या पानावर औषधांचे दर, मजुरांची टंचाई, परतीचा पाऊस, डाऊनी हा बुरशीचा रोग या सगळ्याबद्दल येतं आणि ते यायलाच हवं. पण ज्या मिनी ट्रॅक्टरवर आमच्या तासगाव तालुक्यातली फवारणी चालते, त्याच्या नट-बोल्टबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या वाचनात नाहीत. मागच्या हंगामात दोन साध्या बोल्टांपायी माझ्या मुलाचा हात मोडला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमची बाग नऊ बाय पाचची, म्हणजे दोन ओळींत नऊ फूट आणि दोन वेलींत पाच फूट अंतर. ट्रॅक्टर घेतला तेव्हा मागची चाकं रुंद पडत होती. म्हणून सगळेच करतात तसं रिम उलटी करून चाकं आत घेतली. रिम आणि मधली डिस्क जोडणारे बोल्ट त्यासाठी खोलावे लागतात. खोलताना दोघांचे आटे गेले. मी दुकानात जाऊन "चार सुती द्या" एवढंच म्हणालो. दुकानदाराने पोत्यातून काढून वजनावर दिले. चकचकीत होते, भोकात बसलेही. घरच्या पान्याने आवळले आणि विषय तिथेच सोडला. त्यानंतर वर्षभर मी त्या चाकाला पाना लावला नाही. ही चूक माझी, दुकानदाराला दोष देऊन मी मोकळा होणार नाही.

नोव्हेंबरात रात्रभर पाऊस झाला आणि पहाटे मुलगा ६०० लिटरचा ब्लोअर, म्हणजे पंख्याचा फवारणी पंप, जोडून बागेत गेला. ओळीच्या टोकाला वळताना उजवं चाक कललं, रिम डिस्कपासून सुटली आणि ट्रॅक्टर मांडवाच्या अँगलवर जाऊन टेकला. मुलाने उडी टाकली, त्यात मनगट मोडलं. अँगल नसता तर काय झालं असतं, हा विचार आजही रात्री झोप मोडतो. फवारणी दोन दिवस लांबली आणि पोंगा अवस्थेतून, म्हणजे फुटव्याच्या कोवळ्या गुंडाळीतून, नुकत्याच बाहेर पडलेल्या घडांवर डाऊनी दिसली, ते वेगळंच.

तुटलेल्या बोल्टाचा तुकडा मी अजून जपून ठेवला आहे. त्याचा पाऊण भाग काळपट आणि गुळगुळीत आहे, त्यावर शिंपल्यावर असतात तशा रेघा आहेत. उरलेला पाव भाग तेवढा खडीसाखरेच्या खड्यासारखा चमकतो. माझे मेहुणे फिटर आहेत. त्यांनी तुकडा उन्हात धरून सांगितलं, "दाजी, हा बोल्ट त्या दिवशी तुटलेला नाही. काळा भाग कित्येक दिवस थोडा थोडा फाटत होता, चमकणारा तेवढा त्या सकाळी गेला." म्हणजे त्या ट्रॅक्टरवर आम्ही कितीतरी फवारण्या तशाच केल्या होत्या.

बोल्ट तुटतो तो कमकुवत म्हणून, अशी माझी समजूत होती. मेहुणे म्हणाले, बहुतेक वेळा तो आधी ढिला होतो आणि मग तुटतो. आपल्या मांडवाची तारच बघा. ताणलेली तार घडांचं ओझं निमूट पेलते, ढिली पडली की वाऱ्यावर हलत राहते आणि जिथे वळवली आहे तिथेच एक दिवस तुटते. बोल्ट आवळला की तो केसभर ताणला जातो आणि त्या ताणाने दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. भार पेलते ती त्या पत्र्यांमधली पकड. ती गेली की पत्रे सरकायला लागतात, भोकं लांबट होतात आणि प्रत्येक गचक्याला बोल्ट वाकून सरळ होतो. निव्वळ स्प्रिंग वायसरवर भरवसा ठेवू नये, हेही त्यांनी बजावलं. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ सालीच दाखवून दिलं आहे की, आडवे हादरे बसत राहिले तर चांगला आवळलेला नटसुद्धा फिरत फिरत सुटतो.

आता नंबराबद्दल. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा उठवलेला असतो. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कलपर्यंत (हे ताण मोजायचं माप) ताण सोसण्याची ताकद. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, तो कायमचा लांबत नाही. साधा बोल्ट ४.६ चा असतो. तो ४०० ला तुटतो आणि २४० लाच लांबायला लागतो. १२ एमएमचा ८.८ बोल्ट साधारण ८५ न्यूटन-मीटरला आवळतात, म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला सुमारे २८ किलोचा जोर. साध्या बोल्टाला एवढा जोर दिला तर तो जागेवरच लांबतो, आणि त्याला झेपेल एवढाच दिला तर पकड येत नाही. माझ्या चाकाला सहा बोल्ट चांगले होते आणि दोन असे होते. त्या दोघांनी पकड सोडली आणि पुढे सगळा भार बाकीच्यांवर पडला.

आट्यांचं दुखणं निराळंच. १२ एमएममध्ये १.७५ चा जाड आटा असतो, तसा १.२५ चा बारीकही असतो. शिवाय चार सुती म्हणजे अर्धा इंच, १२.७ एमएम. चुकीचा आटा जोर लावून फिरवला तर ट्रॅक्टरच्या बिडाच्या हाउसिंगमधले, म्हणजे कवचातले, आटे कायमचे जातात आणि खर्च हजारांवर जातो. म्हणून जुना बोल्ट खिशात घालूनच दुकानात जावं. तो हाउसिंगच्या आतच तुटला असेल, तर छिन्नीने ठोकत बसू नये, चांगल्या मेस्त्रीकडे न्यावं. आणि नट वेल्डिंगने चिकटवून "आता सुटत नाही" म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने ८.८ चा कस उतरतो, आणि पुढच्या वेळी तो कापूनच काढावा लागतो.

आम्ही आता त्या चाकाचे आठही बोल्ट नटांसकट बदलले, कारण एक तुटला तर शेजारच्यांनीही तोच मार खाल्लेला असतो. ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन बंद, पुढच्या चाकांना दगड, नुसत्या जॅकवर न ठेवता खाली लाकडी ठोकळे. समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून आवळले, शेवटचा जोर कंपनीच्या पुस्तकात बघून टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, दिला. एक-दोन दिवस काम झाल्यावर पुन्हा पाना लावला, तर तीन बोल्ट अजून थोडे थोडे आवळले गेले. मग प्रत्येक नटावरून रिमवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे मुलालाही लांबून कळतं. नटाभोवती तांबूस भुकटी दिसली तरी समजावं की आत पत्रे घासत आहेत. आमच्या चाकावर ती होती. मी ती गंज समजून फडक्याने पुसली होती.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ज्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभा केला, ती किर्लोस्करवाडी आमच्या शेजारच्या पलूस तालुक्यात आहे. एवढी जुनी लोखंडाची जाण असलेल्या जिल्ह्यात ट्रॅक्टरचा बोल्ट आजही कांद्यासारखा किलोवर आणि नंबर न बघता विकला जातो, याचं मला वाईट वाटतं. दुकानदारांनी ट्रॅक्टरसाठी म्हटलं की ८.८ च्या खालचा बोल्ट हातात देऊ नये. डीलरांनी चाकं आत घेऊन दिली की पहिल्या सर्व्हिसिंगला ते बोल्ट टॉर्क पान्याने तपासून कार्डावर तशी नोंद करावी. टॉर्क पाना रोज लागत नाही, एकेकट्याने घ्यायलाही महाग पडतो. विकास सोसायटीने गावात एक घेऊन ठेवला तर सगळ्यांचं भागेल. तालुक्यातल्या आयटीआयची मुलं शिक्षकांसह छाटणीआधी एक-एक दिवस गावात आली, तर त्यांचा हात बसेल आणि आमची चाकं तपासून होतील. मी माझं अंगण, चहापाणी आणि जोडायला दोन ठोकळे द्यायला तयार आहे.

छाटणीला अजून तीन आठवडे आहेत. तेवढ्यात हे पत्र छापलंत, तर यंदा पहिला ब्लोअर जोडायच्या आधी काही घरांत तरी पाना निघेल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली